सोपाऱ्याची तेरा खापरे : अवशेष, प्रतिरूप आणि दर्शन

पवित्र वस्तूचे डिजिटल प्रतिरूप केले तर तिचे पावित्र्य त्या प्रतिरूपात उतरते की मूळ वस्तूपाशीच राहते, हा प्रश्न संगणकाच्या काळाचा वाटत असला, तरी वसई तालुक्यातील सोपाऱ्याच्या भूमीत तो फार पूर्वीच, निराळ्या साधनांच्या संदर्भात, उभा राहिलेला होता. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाच्या धर्माज्ञा येथील शिळांवर कोरल्या गेल्या, आणि त्या म्हणजे एकाच मजकुराच्या देशभर पाठवलेल्या अनेक प्रतींपैकी एक प्रत होती. पुढे येथील स्तूपाच्या पोटात मातीच्या भांड्याची काही खापरे ठेवली गेली, आणि ती मात्र जगात तेवढीच होती. जितक्या प्रती निघतील तितक्या निघाव्यात म्हणून लिहिलेला मजकूर आणि जिची प्रत निघूच शकत नाही असे मानलेली वस्तू, या दोन्ही गोष्टी एकाच परिसरात पूज्य ठरल्या, आणि म्हणून मूळ व प्रतिरूप यांच्या नात्याचा विचार करायला सोपाऱ्याइतके योग्य ठिकाण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

इतिहास, भाषा, साहित्य, धर्म, तत्त्वज्ञान आणि कला यांच्या अभ्यासाला एकत्रितपणे मानव्यविद्या म्हणतात, आणि त्या अभ्यासाची साधने संगणकाच्या साहाय्याने जतन करणे, त्यांचे संपादन करणे व ती वाचक-प्रेक्षकांपुढे मांडणे या उद्योगाला अलीकडे डिजिटल मानव्यविद्या असे नाव रूढ होत आहे. छायाचित्रण, त्रिमितीय मापन, शिलालेखांचे संगणकीय संपादन आणि पडद्यावरील मांडणीची कला असे बरेच काही तीत सामावते. या कामात कोणता प्रकाश वापरावा, फुटलेली कड कशी दाखवावी, नाव कोणते द्यावे, असे जे निर्णय घ्यावे लागतात ते वरून तांत्रिक दिसतात. परंतु त्या प्रत्येकामागे ती वस्तू मुळात काय आहे याविषयीचा एक तात्त्विक निर्णय असतो आणि तो बहुधा न बोलताच घेतला जातो. सोपाऱ्याच्या अवशेषांच्या बाबतीत तो बोलून दाखवणे आवश्यक आहे.

आजच्या नालासोपारा पश्चिमेला असलेल्या, स्थानिक लोक ज्याला बुरूड राजाचा कोट म्हणत त्या टेकाडाचे उत्खनन 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी केले. जुनागढला 1839 मध्ये जन्मलेले आणि गिरनारच्या शिलालेखाच्या ओढीने लिपिविद्येकडे वळलेले हे विद्वान डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासाठी देशभर हिंडून शिलालेख टिपून आणत असत. टेकाड मधोमध खणल्यावर विटांची एक लहान कोठडी लागली आणि तिच्यात दोन अर्ध्यांची बनलेली, वरचा अर्धा झाकणासारखा बसणारी, दगडी गोल मंजूषा निघाली. ती उघडल्यावर मध्ये तांब्याचा करंडक आणि त्याच्या भोवती आठ लहान कांस्यमूर्ती दिसल्या, ज्यांत बौद्ध परंपरा मानते ते सात बुद्ध आणि भविष्यात येणारा मैत्रेय होता. तांब्याच्या करंडकात चांदीचा, चांदीच्या आत दगडाचा, दगडाच्या आत स्फटिकाचा आणि स्फटिकाच्या आत सोन्याचा करंडक होता. बरोबर सोन्याची नाजूक फुले होती आणि सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे होते. सोन्याच्या करंडकाच्या तळाशी, इतक्या आवरणांच्या आत जपून ठेवलेली, मातीच्या भांड्याची तेरा बारीक खापरे होती. परंपरेचा व जागेचा विचार करून भगवानलालांनी ती बुद्धाच्या भिक्षापात्राची असावीत असा निष्कर्ष काढला. नाणे दुसऱ्या शतकाकडे बोट दाखवते आणि मूर्तींची घडण आठव्या-नवव्या शतकाची वाटते. त्यावरून हा स्तूप मध्ये केव्हातरी पुन्हा उघडून, त्यात भर घालून, पुन्हा मिटवला गेला असला पाहिजे. आज मंजूषा आणि तिच्यातील वस्तू मुंबईच्या टाऊन हॉलमधील एशियाटिक सोसायटीकडे आहेत, आणि सोपाऱ्याचा स्तूप आतून रिकामा आहे.

मराठीत धातू म्हटले की तांबे-लोखंड डोळ्यांपुढे येते, पण बौद्ध परिभाषेत धातू म्हणजे बुद्धाचा किंवा थोर भिक्षूचा देहावशेष, आणि असा अवशेष ज्याच्या गर्भात असतो त्या स्तूपाला धातुगर्भ म्हणतात. चैत्य, म्हणजे पूज्य स्थान वा वस्तू, तीन प्रकारचे असल्याचे पाली कालिंगबोधि जातकात सांगितले आहे. शारीरिक म्हणजे देहाचा अंश. पारिभोगिक म्हणजे बुद्धाने वापरलेली वस्तू, जसे पात्र, चीवर किंवा बोधिवृक्ष. आणि उद्देशिक म्हणजे बुद्धाला उद्देशून केलेली प्रतिमा वा चिन्ह. सोपाऱ्याची खापरे यांतील दुसऱ्या प्रकारात बसतात. त्यांचे पडद्यावरील त्रिमितीय प्रतिरूप कोणत्या प्रकारात बसवायचे, याचे उत्तर त्या जातकातच जवळजवळ तयार आहे, कारण उद्देशिक चैत्याविषयी तेथे म्हटले आहे की त्याच्यामागे वस्तू अशी काही नसते, तो मनाच्या आधाराने उभा असतो. संगणकातील प्रतिरूप म्हणजे अवकाशातील असंख्य बिंदूंच्या स्थानांची आणि रंगांची नोंद असते. तिला वजन नाही, गंध नाही, स्पर्श नाही, आणि पाहणाऱ्याचे मन नसेल तर ती आकड्यांची रांग आहे. हे वर्णन उद्देशिकाच्या त्या जुन्या व्याख्येला इतके जुळते की डिजिटल प्रतिरूपासाठी नवा तात्त्विक कप्पा शोधण्याची गरज उरत नाही. मात्र त्या जातकाचा कल उद्देशिकाला सर्वांत दुबळे मानण्याकडे आहे आणि बोधिवृक्षासारख्या प्रत्यक्ष वापरलेल्या गोष्टीला ते वरचे स्थान देते, हेही नजरेआड करता येत नाही. प्रतिरूप पूज्य आहे, पण पात्राच्या जागी ते बसत नाही, इतके परंपरेने आधीच सांगून ठेवले आहे.

तरीही प्रती काढण्याविषयी या परंपरेला कधी संकोच वाटलेला नाही. सोपाऱ्याहून दक्षिणेला असलेल्या कान्हेरीच्या लेण्यांत भाजक्या मातीच्या अनेक मुद्रा सापडल्या असून त्यांच्यावर बुद्धाच्या कार्यकारणभावाच्या शिकवणीचे सूत्र उमटवलेले आहे. एका साच्यातून कितीही मुद्रा निघत आणि ते सूत्रच धर्माचा देह म्हणून स्तूपात ठेवण्याची पद्धत होती. कार्ल्याच्या चैत्यगृहातील एक खांब सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या धर्मोत्तरीय भिक्षूने दिलेला असून तो सशरीर, म्हणजे धातूसह, दिल्याचे तेथे कोरले आहे. पावित्र्य स्तूपाच्या एका जागी खिळून राहत नाही आणि ते घाट चढून कार्ल्याला जाऊ शकते, ही समजूत सोपाऱ्याच्या लोकांपाशी होती हे यावरून दिसते. वॉल्टर बेन्यामिन या जर्मन विचारवंताने 1935-36 च्या सुमारास यांत्रिक पुनरुत्पादनावरील निबंधात असे मांडले की कलाकृती एका ठिकाणी, एका काळात, एकच असण्यातून तिच्याभोवती जे तेजोवलय असते ते छायाचित्राने व चित्रपटाने विरून जाते. युरोपातील चित्रकलेबाबत हे निरीक्षण खोल आहे. परंतु जेथे साच्यातून काढलेली शंभरावी मुद्रा पहिलीइतकीच पूज्य असते आणि जेथे पंढरीच्या विठ्ठलाचे चित्र घराघरांतल्या देव्हाऱ्यात पुजले जाते, तेथे ते जसेच्या तसे लागू करणे म्हणजे एका संस्कृतीचा अनुभव दुसरीवर चढवणे होय. भारतीय परंपरेत चिंतेचा विषय प्रतींची संख्या हा नव्हता. प्रत खरी आहे की नाही, हा होता.

याचा सर्वांत जुना पुरावा स्वतः अशोकच देतो. त्याच्या चौदा शिलाज्ञांपैकी शेवटच्या आज्ञेत त्या सर्व आज्ञांच्या प्रतींविषयीच लिहिले आहे : काही ठिकाणी मजकूर संक्षिप्त आहे, काही ठिकाणी मध्यम, काही ठिकाणी विस्तृत, काही गोष्टी गोडीसाठी पुन्हा पुन्हा सांगितल्या आहेत, आणि काही ठिकाणी काही अपुरे राहिले असेल तर ते स्थळामुळे किंवा लिपिकराच्या चुकीमुळे राहिले असेल. लिपिकर म्हणजे अक्षरे लिहिणारा कारागीर. एवढ्या मोठ्या सम्राटाने आपल्या धर्मलिपीत प्रतीच्या दोषाची शक्यता स्वतःहून कोरून ठेवावी, ही भारतीय ग्रंथसंपादनाच्या इतिहासातील फार मोठी घटना आहे आणि तिच्याकडे जितके लक्ष जायला हवे तितके गेलेले नाही. अशोकाला कोणती एक शिळा मूळ आणि बाकीच्या नकला असे म्हणायचे नव्हते. धर्माचा आशय एक, लेख अनेक, आणि प्रत्येक लेख आपापल्या जागेच्या मर्यादेसह खरा, असा त्याचा विचार दिसतो. म्हणूनच कलिंगातील धौली व जौगड येथे अकरावी ते तेरावी आज्ञा वगळून त्यांच्या जागी त्या प्रदेशासाठी लिहिलेल्या दोन स्वतंत्र आज्ञा कोरल्या गेल्या.

सोपाऱ्यात या चौदा आज्ञांपैकी दोनच तुकड्यांच्या रूपाने उरल्या आहेत. आठव्या आज्ञेचा तुकडा 1882 मध्येच भगवानलालांना मिळाला आणि तो आता मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. नवव्या आज्ञेचा तुकडा 1956 मध्ये भुईगावला सापडला. योगायोगाने उरलेल्या या दोन आज्ञांचे विषय प्रस्तुत प्रश्नाच्या अगदी गाभ्याचे आहेत. नववी आज्ञा मंगलांविषयी, म्हणजे आजारपण, लग्न, मुलाचा जन्म, प्रवास अशा प्रसंगी लोक जे विधी करतात त्यांविषयी, बोलते आणि त्यांचे फळ थोडे असल्याचे सांगून सेवकांशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा मान राखणे, प्राण्यांच्या बाबतीत संयम आणि दान यांना धर्ममंगल म्हणते. आठवी आज्ञा यात्रेविषयी आहे : पूर्वीचे राजे मृगयेसाठी व करमणुकीसाठी विहारयात्रेला निघत, अशोक मात्र राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेला, आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू झाल्या. दोन्ही ठिकाणी त्याची रीत सारखीच आहे. लोकांच्या सवयीचा शब्द तो टाकत नाही, त्या शब्दातला व्यवहार बदलतो.

आठव्या आज्ञेतील धर्मयात्रेचे वर्णन बारकाईने पाहण्यासारखे आहे. तीत श्रमण-ब्राह्मणांचे दर्शन व त्यांना दान, वृद्धांचे दर्शन व त्यांना द्रव्याचे साहाय्य, जनपदातील म्हणजे गावोगावच्या लोकांचे दर्शन, त्यांना धर्माचा उपदेश आणि त्यांच्याशी धर्माविषयी विचारपूस, असा क्रम येतो. आजच्या मराठीत दर्शन घेणारा भक्त असतो आणि देणारा देव वा थोर पुरुष. येथे सम्राट खेड्यातल्या माणसांचे दर्शन घ्यायला जातो, आणि त्या दर्शनाला दान आणि प्रश्नोत्तर हे दोन जोड आहेत. दर्शन ही येथे दोन्ही बाजूंची क्रिया आहे : पाहणाऱ्याला काही द्यावे लागते, काही विचारावे लागते आणि स्वतःलाही पाहू द्यावे लागते. पडद्यावरील दर्शनाची उणीव शोधायची असेल तर ती येथे शोधायला हवी. प्रतिमा पडद्यावर आहे म्हणून दर्शन उणे होत नाही. ते एकतर्फी झाले, पाहणाऱ्याकडून काहीच मागितले गेले नाही आणि त्याला काही विचारायलाही वाव राहिला नाही, तर ते विहारयात्रेच्या जातीचे होते.

हा प्रश्न वसईच्या इतर धर्मपरंपरांनाही चुकलेला नाही आणि त्यांनी आपापली उत्तरे दिलेली आहेत. कोविडच्या साथीमुळे 2020 मध्ये मार्च ते नोव्हेंबर या काळात महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे बंद होती तेव्हा वसईच्या कॅथलिक घराघरांत मोबाइलवर मिस्सा, म्हणजे चर्चमधील सामुदायिक उपासना, पाहिली गेली. परंतु कॅथलिक धर्मशास्त्राने अशा वेळी आध्यात्मिक ऐक्य, म्हणजे मनाने प्रभूशी एकरूप होणे, आणि प्रत्यक्ष ख्रिस्तप्रसाद स्वीकारणे यांत स्पष्ट भेद ठेवला, कारण संस्कार देहाने, समुदायात, हातावर वा जिभेवर घेतला जातो. हिंदू परंपरेत मूर्ती दगडाची असली तरी प्राणप्रतिष्ठेने ती देव होते, म्हणजे तेथे वस्तूपेक्षा विधी निर्णायक ठरतो. 1739 मध्ये पोर्तुगीजांकडून वसई जिंकल्यानंतर मराठ्यांनी नेलेल्या चर्चच्या घंटांपैकी एक वाईजवळच्या मेणवलीच्या मंदिरात टांगलेली आहे, तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मरियेची आकृती आणि 1707 हे साल आहे, आणि ती आकृती कोणी खरवडून काढलेली नाही. एकाच वस्तूला दोन धर्मांत दोन अर्थ लाभतात आणि दोन्ही अर्थ तिच्या अंगावर एकत्र नांदतात. तिचे डिजिटल प्रतिरूप करणाऱ्याने तिची नोंद मंदिराची घंटा म्हणून करायची की चर्चची, यात एखादा इतिहास पुसला जाऊ शकतो.

सोपाऱ्याच्या परंपरेत या विचाराचा आणखी एक धागा आहे, आणि तो सर्वांत मोलाचा आहे. पाली उदान ग्रंथात बाहिय दारुचीरिय नावाच्या पुरुषाची कथा येते. तो सुप्पारकात, म्हणजेच सोपाऱ्यात, समुद्रकिनारी राहत असे, झाडाच्या सालीची वस्त्रे नेसत असे आणि लोक त्याला अर्हत, म्हणजे मुक्त पुरुष, मानून पूजत असत. आपण अजून मुक्त नाही हे कळल्यावर तो इतका मोठा पल्ला चालून श्रावस्तीला गेला आणि बुद्ध भिक्षेसाठी रस्त्यात हिंडत असतानाच त्याने उपदेशाचा आग्रह धरला. बुद्धाने दोनदा थांबवले. तिसऱ्यांदा मात्र फार थोडक्यात सांगितले, आणि त्याचा आशय असा की दिसते त्यात दिसण्यापलीकडचे काही मिसळू नये, ऐकू येते त्यात ऐकण्यापलीकडचे काही मिसळू नये, मनाला जाणवते त्याचेही तसेच. बाहिय तेथेच मुक्त झाला आणि थोड्याच वेळात वासरू बरोबर असलेल्या गायीने मारल्याने मरण पावला. त्याच्या देहावर स्तूप रचायला बुद्धाने भिक्षूंना सांगितले. सोपाऱ्याच्या या थोर बौद्धाला बुद्धाचे दर्शन मिळाले ते भर रस्त्यात, भिक्षापात्र हाती असलेल्या बुद्धाचे, आणि त्या दर्शनात त्याला मिळालेली शिकवण पाहण्याविषयीच होती.

या शिकवणीचा तार्किक विस्तार पुढे दिङ्नाग या बौद्ध तर्कपंडिताने केला. ज्ञान देणाऱ्या साधनांना भारतीय तर्कशास्त्रात प्रमाण म्हणतात, आणि दिङ्नागाने प्रत्यक्ष व अनुमान ही दोनच प्रमाणे मानून प्रत्यक्षाची व्याख्या कल्पनापोढ, म्हणजे मनाने घातलेली भर ज्यात नाही असे ज्ञान, अशी केली. डिजिटल प्रतिरूपाच्या रचनेला याहून नेमके नीतितत्त्व सापडणे कठीण आहे. सोपाऱ्याच्या आठव्या आज्ञेच्या तुकड्यावर मजकुराचा काही भागच उरला आहे आणि उरलेल्या ओळींतही अक्षरे झिजलेली आहेत. हरवलेला मजकूर गिरनार, कालसी आणि इतर ठिकाणच्या प्रतींवरून भरून काढता येतो. तुकड्यावर दिसणारे अक्षर प्रत्यक्ष आहे, दुसऱ्या शिळेवरून भरलेले अक्षर अनुमान आहे, आणि ही दोन्ही पडद्यावर एकाच शाईत, एकाच ठळकपणे दाखवली तर वाचकाला अनुमान हेच प्रत्यक्ष म्हणून दिले जाते. शिलालेखांच्या संगणकीय संपादनासाठी जगभर एपिडॉक नावाची खुणांची पद्धत वापरली जाते. तीत संपादकाने प्रत्येक भरलेल्या अक्षराला ते भरलेले आहे, मूळ अक्षर झिजले की शिळेसह तुटून गेले, आणि भरणाऱ्याला त्याची कितपत खात्री आहे, अशा खुणा जोडायच्या असतात. या पद्धतीची रचना करणाऱ्यांपुढे ग्रीक व लॅटिन लेख होते, दिङ्नाग नव्हता, पण तिच्यातील शिस्त बाहियाला सांगितलेल्या शिस्तीच्या जातीची आहे.

भगवानलालांच्या पिढीने हेच काम कागदाने केले. ओला कागद शिळेवर बसवून, कुंचल्याने तो अक्षरांच्या खाचांत ठोकून, वरून शाईचा बोळा फिरवला की खाचा पांढऱ्या व पृष्ठभाग काळा असा ठसा मिळतो. भगवानलाल असे ठसे काढण्यात फार निष्णात होते. आजचे साधन प्रकाशाचे आहे : कॅमेरा एका जागी स्थिर ठेवून शिळेवर निरनिराळ्या कोनांतून दिवा धरत डझनावारी छायाचित्रे घ्यायची आणि संगणकाने ती एकत्र करून पाहणाऱ्याच्या हाती असा दिवा द्यायचा, जो तो पडद्यावर हवा तिकडून फिरवू शकेल. समोरून प्रकाश पडला असता शिळा सपाट व मुकी दिसते. दिवा कडेने, जवळजवळ पृष्ठभागाला लागून, आणला की ब्राह्मीतील एखाद्या अक्षराचा उभा दंड सावलीने भरून येतो, शेजारची टाकीची घसर वेगळी पडते, आणि जी रेघ अक्षराची मात्रा वाटत होती ती दगडाची तड असल्याचे कळते. ठशात हा निर्णय ठसा काढणाऱ्याने घेतलेला असे. येथे तो वाचकाकडे येतो, त्याला शंका घेता येते, उलटून विचारता येते. आठव्या आज्ञेतील विचारपुशीला पडद्यावर वाव मिळतो तो अशा रचनेतून.

येथपर्यंतचा विचार प्रतिरूपाच्या बाजूने झुकतो, परंतु त्यातच एक धोका आहे आणि तो कमी लेखणे अप्रामाणिकपणाचे होईल. उत्तर प्रदेशातील पिप्राहवा येथे 1898 मध्ये सापडलेल्या बुद्धधातूंपैकी अस्थी सयामच्या राजाकडे गेल्या, तर त्यांच्याबरोबरची काही रत्ने उत्खनन करणाऱ्या इंग्रज जमीनदाराच्या घराण्याकडे राहिली. 2025 मध्ये ती हाँगकाँगला लिलावात निघाली तेव्हा जगभरच्या बौद्धांनी व भारत सरकारने हरकत घेतली, लिलाव थांबला आणि त्याच वर्षी ती भारतात परत आली. अस्थी पवित्र आणि रत्ने मौल्यवान, अशी जी विभागणी वसाहतकाळाने केली ती श्रद्धावानांना मुळातच मान्य नव्हती, कारण धातूबरोबर अर्पण केलेले ते धातूचेच अंग होते. त्या रत्नांची कितीही उत्तम छायाचित्रे असती तरी त्या हरकतीला त्यांनी उत्तर मिळाले नसते. जगातील अनेक संग्रहालये आता मूळ वस्तू ठेवून तिचे त्रिमितीय प्रतिरूप तिच्या गावी पाठवतात आणि त्याला परतफेड म्हणतात. हा शब्द या अर्थाने वापरणे चूक आहे. प्रतिरूप हे दान असू शकते, अभ्यासाचे साधन असू शकते, उद्देशिक चैत्यही असू शकते. मूळ वस्तू कोठे असावी या प्रश्नाचे उत्तर मात्र त्याने मिळत नाही, आणि तो प्रश्न मिटवण्यासाठी ते वापरले गेले तर ते दर्शनाच्या नावाखाली केलेले समजूत घालणे ठरते.

हे महाराष्ट्रात विशेष जपून बोलले पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. भुईगावचा तुकडा सापडला ते सालही तेच. 2011 च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे 84 लाख बौद्धांपैकी 65 लाखांहून अधिक महाराष्ट्रात आहेत, आणि बाबासाहेबांनी त्यांना जो बुद्ध दिला तो चमत्कारांचा नसून विवेकाचा व नीतीचा आहे. या समाजासाठी सोपाऱ्याचा स्तूप म्हणजे आपला इतिहास या भूमीत किती खोल आहे याची साक्ष आहे; खापरे खरोखर बुद्धाच्या पात्राची आहेत का, याची चिकित्सा तो निर्भयपणे करू शकतो, आणि तरीही ती कोणाच्या ताब्यात आहेत व ती पाहायला कोणाला मिळतात हा त्याच्यासाठी समतेचा प्रश्न राहतो. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने रंगूनच्या 1954-56 च्या सहाव्या संगीतीत संपादित झालेले पाली तिपिटक देवनागरीत छापले आणि 1990 च्या दशकात सीडीवर अनेक लिप्यांत उपलब्ध केले, तेव्हा जे ग्रंथ मोजक्या विद्वानांच्या कपाटात होते ते गावातल्या विहारापर्यंत जाऊ शकले. ग्रंथाच्या बाबतीत प्रतिरूप म्हणजेच मुक्ती होती. खापरांच्या बाबतीत ते तितके सरळ नाही.

प्रवेशाचा प्रश्न नावापासूनच सुरू होतो. हे गाव संस्कृतात शूर्पारक, पालीत सुप्पारक, लेण्यांतील लेखांत सोपारक, इंग्रजी अहवालांत सोपारा, आणि नाळा व सोपारा या दोन गावांची नावे जोडून झालेल्या स्टेशनामुळे आता नालासोपारा म्हणून ओळखले जाते. 1 ऑगस्ट 2014 पर्यंत ते ठाणे जिल्ह्यात होते, आता पालघरमध्ये आहे. वस्तूबरोबर तिच्याविषयीची जी माहिती नोंदवली जाते, तिला मेटाडेटा म्हणतात, आणि शोध घेणाऱ्याला वस्तू सापडते की नाही हे त्या माहितीवरच ठरते. नोंद इंग्रजीतील जुन्या स्पेलिंगने आणि ठाणे जिल्ह्याखाली झालेली असेल तर नालासोपाऱ्याच्या शाळेतल्या मुलीने आपल्या गावाचे नाव देवनागरीत टाइप केल्यावर तिला आपल्याच गावचा स्तूप सापडणार नाही. ही सारी नावे एकमेकांशी जोडणे, मराठीतून, आणि शक्य तेथे कादोडी व वाडवळी या वसईच्या बोलींतूनही, समजावणे, हे काम सोन्याच्या करंडकाच्या झळाळत्या चित्रापेक्षा कमी दिखाऊ आहे, पण आठव्या आज्ञेतील जनपदाच्या लोकांच्या दर्शनाचा अर्थ त्यातच आहे.

मंजूषेचे प्रतिरूप रचणाऱ्यापुढे अखेर एक लहानसा पण अवघड निर्णय येतो. बोटाच्या स्पर्शाने तांब्याचे झाकण उघडेल, मग चांदीचे, दगडाचे, स्फटिकाचे, सोन्याचे. प्रत्येक थराला पडद्यावर आधीच्याहून अधिक तेज देण्याचा मोह होईल, आणि शेवटी तेरा खापरे आली की त्यांच्याभोवती प्रभा, मागे संगीत आणि तुकडे हलके हलके जुळून होणारे एक अखंड पात्र दाखवावेसे वाटेल. तेरा बारीक तुकड्यांवरून त्या पात्राचा आकार ठरवता येत नाही. म्हणून खापरे तांब्याच्या करंडकावर होता त्याच साध्या प्रकाशात, शेजारी मोजपट्टी ठेवून, जितकी आहेत तितकीच आणि जशी फुटली आहेत तशीच दाखवावी लागतील, आणि ज्याला ती फिरवून पाहायची आहेत त्याला त्यांच्या कडेचा भाजलेल्या मातीचा रंग दिसेपर्यंत जवळ जाता आले पाहिजे.